खोपा कोणी विणला?

विज्ञान शिकवणाऱ्या माणसाला ‘तुमची आवडती पुस्तके कोणती?’ असे विचारले, की विचारणाऱ्याच्या मनात उत्तर बहुधा तयार असते. शास्त्रज्ञांची चरित्रे, विश्वाच्या उत्पत्तीवरचे एखादे पुस्तक, फार तर एखादी विज्ञानकथा. आवडती गाणी कोणी विचारतच नाही. माझ्या यादीत बहिणाबाईंचे सुगरणीच्या खोप्यावरचे गाणे आहे, मोराच्या नाचाचे एक बालगीत आहे, दुर्गाबाई भागवतांचे ‘ऋतुचक्र’ आणि व्यंकटेश माडगूळकरांचे ‘सत्तांतर’ आहे. यांतले एकही विज्ञान सांगण्यासाठी लिहिलेले नाही. पण चारही गोष्टी मी वर्गात वापरल्या आहेत आणि वापरताना त्या तपासूनही पाहिल्या आहेत. आवडत्या गोष्टीची परीक्षा घेऊ नये असे काही जण म्हणतात. मला ते पटत नाही. जी गोष्ट परीक्षेला टिकते, किंवा न टिकताही आवडती राहते, तिच्याबद्दलच बोलण्यासारखे काही असते.

सुरुवात बहिणाबाईंपासून करू. बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) जळगावजवळच्या असोद्याच्या. लिहिता-वाचता येत नव्हते. शेतात आणि जात्यावर काम करताना रचलेली त्यांची गाणी त्यांच्या मृत्यूनंतर, १९५२ साली, मुलगा कवी सोपानदेव चौधरी यांच्या आणि आचार्य अत्र्यांच्या खटपटीने पुस्तकरूपाने आली. त्यांतले सुगरणीचे गाणे मराठी शाळेत शिकलेल्या बहुतेकांना पाठ असते. पिलांसाठी झाडाला टांगलेला झुलता खोपा, त्यात निजलेली पिले, आणि शेवटी माणसाला विचारलेला जाब: या पाखराजवळ एवढीशी चोच, तुझ्याजवळ दोन हात आणि दहा बोटे, मग तू काय करतोस?

आता अडचण अशी, की गाण्यात खोपा विणते ती मादी. आणि प्रत्यक्षात खोपा विणतो तो नर.

ही गोष्ट आपल्याकडे नीट तपासली गेली ती सलीम अलींच्या निरीक्षणांतून. १९३० च्या पावसाळ्यात अलिबागजवळच्या किहीम गावी सुगरण पक्ष्यांच्या एका वसाहतीवर त्यांनी पाळत ठेवली आणि १९३१ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात आपले निष्कर्ष छापले. चित्र असे दिसले: पावसाच्या सुमाराला नराच्या डोक्यावर आणि छातीवर पिवळा रंग चढतो. असे बरेच नर एका झाडावर जमून आपापला खोपा विणायला घेतात. खोपा अर्धा झाला, म्हणजे उलट्या टांगलेल्या शिरस्त्राणासारखा दिसू लागला, की माद्या येतात, आत शिरून पाहणी करतात. एखादीला खोपा पसंत पडला की जोडी जमते आणि मग नर अंड्यांची खोली व खाली लोंबणारी नळी विणून काम पुरे करतो. मादी अंडी घालते, उबवते. नर तोवर दुसरा खोपा सुरू करतो, दुसऱ्या मादीसाठी. जो खोपा कोणालाच पसंत पडत नाही, तो अर्धाच राहतो. बाभळीवर पुऱ्या खोप्यांच्या शेजारी जे अर्धे खोपे लोंबताना दिसतात, त्यांना खेड्यांत ‘नराचा झोका’ म्हणतात. पावसात नर तिथे बसतो असे सांगतात. ते खरे म्हणजे नापास झालेले अर्ज असतात.

त्या वर्षी बहिणाबाई पन्नाशीच्या होत्या. एकाच देशात, एकाच पाखराकडे दोन माणसे पाहत होती. एकाचे म्हणणे इंग्रजी नियतकालिकात छापले गेले, दुसरीचे जात्यावर गायले जात होते. त्याचे याला आणि याचे त्याला कळण्याचा संभव नव्हता.

मग गाण्याचे काय करायचे? शिक्षकांमध्ये मला दोन पद्धती दिसल्या आहेत. पहिली, गप्प बसण्याची. मराठीच्या तासाला सुगरण खोपा विणते, विज्ञानाच्या तासाला सुगरणीचा नर खोपा विणतो आणि दोन्ही तासांमध्ये एक घंटा वाजते. मुले दोन्ही उत्तरे आपापल्या पेपरात लिहून गुण मिळवतात. दुसरी पद्धत लाल शाईची. ‘कवितेतली माहिती चुकीची आहे’ असे सांगून मोकळे व्हायचे. पहिल्या पद्धतीत खऱ्याखोट्याचा प्रश्नच बुडतो, दुसरीत गाणे बुडते. मला दोन्ही पसंत नाहीत. आणि दुसरी जास्त नापसंत आहे, कारण ती शास्त्रीय असल्याचा आव आणते पण शास्त्रातला खरा प्रश्न विचारतच नाही. तो प्रश्न असा: बहिणाबाईंनी पाहिले ते केव्हा?

हिशेब करून पाहू. खोपा पुरा व्हायला साधारण अठरा दिवस लागतात; त्यांतले सुमारे आठ दिवस अर्ध्या खोप्यापर्यंतचे. अंडी दोन ते चार. ती उबायला चौदा ते सतरा दिवस. पिले खोप्यात राहतात ती आणखी अडीच आठवड्यांच्या आसपास. म्हणजे विणकामाचा गलबला आणि खोप्यात पिले असणे या दोन वेगवेगळ्या वेळा आहेत, त्यांच्यात पंधरवड्याहून जास्त अंतर आहे. गाण्यातल्या खोप्यात पिले आहेत. पिले असताना त्या खोप्यावर जे पाखरू दिवसभर चारा घेऊन ये-जा करताना दिसते ती बहुतेक वेळा मादीच असते. नर तेव्हा दुसऱ्या फांदीवर दुसऱ्या खोप्यात गुंतलेला असतो. बहिणाबाईंनी जे पाहिले ते बरोबर पाहिले. न पाहिलेला भाग, म्हणजे हा खोपा विणला कोणी, हे त्यांनी पाहिलेल्यावरून ताडले. निरीक्षण खरे, अनुमान चुकले. नववीच्या मुलाला निरीक्षण आणि अनुमान यांतला फरक समजावून सांगायला याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही. पाठ्यपुस्तकात या फरकासाठी मेणबत्ती देतात. ती जळून जाते, आणि घरी गेल्यावर मुलाला तिचे काहीही आठवत नाही.

शिवाय सगळा दोष एकट्या कवयित्रीवर टाकता येणार नाही. मराठीत या पाखराचे नावच मुळी स्त्रीलिंगी आहे. सुगरण म्हणजे घरकामात निपुण बाई. पाखराला हे नाव ज्यांनी कोणी दिले त्यांनी खोप्याचे श्रेय आधीच वाटून टाकले होते. गाणे नंतर आले. हिंदीत ‘बया’ म्हणतात, त्या नावात असा काही निकाल दडलेला दिसत नाही. विज्ञानाच्या तासाला भाषेविषयी बोलायची संधी अशी क्वचितच मिळते. (अलीकडे एक उलटी तऱ्हाही ऐकू येते. नर खोपा विणतो हे कळल्यावर ‘बघा, पुरुषाच्या कष्टाचे नाव बाईला मिळाले’ असे म्हणून काही मंडळी टाळी घेतात. त्यांना एवढेच सांगावे, की विणून झाल्यावर पिलांच्या चाऱ्यासाठी दिवसभर हेलपाटे घालणारी, तिच्या नावाचे गाणे नसते तरी, मादीच असते. शिवाय खोपा ताब्यात आल्यावर आतल्या बाजूचा शेवटचा हात बऱ्याचदा तिचाच असतो.)

अनुमानाचे एवढे सोडले, तर बाकी गाणे किती नेमके आहे ते पाहा. खोप्याला बहिणाबाईंनी उपमा दिली आहे ती गिलक्याच्या कोशाची. गिलके म्हणजे घोसाळे. वेलीवर वाळलेले घोसाळे सोलले की आत धाग्यांची जाळी निघते, अंग घासायला वापरतात ती. ही उपमा खोली बंद करून सुचणारी नाही. ज्या बाईने वाळलेली घोसाळी हातांनी सोलली आहेत आणि गळून पडलेला खोपा उचलून पाहिला आहे, तिलाच ती सुचेल. दोन्ही वस्तू वजनाला हलक्या, दोन्हींतून वारा जातो, दोन्ही दाबल्या तरी पुन्हा फुगतात. फरक एकच आहे आणि तो मुलांना शोधायला सांगावा: घोसाळ्यातली जाळी वाढलेली असते, फळाला अन्नपाणी पुरवणाऱ्या वाहिन्यांची ती बनते. खोप्याची जाळी विणलेली असते, तिच्यात गाठी आणि वेढे असतात. कोणत्या जाळीतून एक धागा अखंड ओढून काढता येईल? करूनच पाहायचे.

हे करायचे तर खोपे नोव्हेंबर-डिसेंबरात शोधावेत, झाडाखाली आपोआप गळून पडलेले. झाडावरच्या खोप्याला हात लावू नये. अंडी-पिले असलेल्या खोप्याला धक्का लावणे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या (१९७२) विरुद्धही आहे. एक पडका खोपा पाण्यात भिजवून सावकाश सोडवत बसले तर एका वर्गाचे दोन तास सहज जातात. पात्यांच्या पट्ट्या मोजाव्यात, लांबी लिहावी. वीस सेंटिमीटरपासून साठ सेंटिमीटरपर्यंतच्या पट्ट्या मिळतात. भाताच्या, उसाच्या किंवा उंच गवताच्या पात्याला नर कडेला चोचीने खाच पाडतो, आणि खाचेतून पट्टी चोचीत धरून उडतो. पात्याची पट्टी फाटत येते. एका खोप्यासाठी अशा पाचशेच्या घरात फेऱ्या होतात. पट्टी हिरवी आणि ओली असावी लागते, सुकलेली पट्टी वळत नाही, मोडते. हा धंदा पावसाळ्यातच का चालतो याचे एक कारण इथे सापडते. दुसरे कारण पिलांच्या खाण्याचे, कारण पिलांना किडे लागतात. अर्ध्या खोप्याच्या आत ओल्या चिखलाचे गोळेही मिळतात. त्या चिखलात सुगरण काजवे चिकटवते आणि रात्री दिवा लावते असे सांगणारे लोक गावोगाव भेटतात. चिखल खरा. दिव्याला पुरावा नाही.

आणि चोच? गाण्याने चोचीला सगळे श्रेय दिले आहे. सुरुवातीची पट्टी डहाळीला बांधताना नर तिचे एक टोक पायाखाली दाबून धरतो आणि दुसरे टोक चोचीने वेढे घालत ओवतो. पाय नसता तर पहिली गाठच बसली नसती. मात्र दहा बोटांच्या माणसाला लाजवायला चोच आणि एक पंजा एवढेही पुरेसे आहे.

या जाबाच्या संदर्भात आणखी एक गोष्ट सांगायला हवी, कारण ती थेट आपल्या धंद्याची आहे. ‘पाखराला कोणी शिकवत नाही, ते जन्मतःच जाणते’ असे आपण सहज म्हणून जातो. निकोलस आणि एल्सी कोलियास या दांपत्याने आफ्रिकेतल्या एका विणकर पक्ष्यावर, म्हणजे आपल्या सुगरणीच्या नात्यातल्या पाखरावर, प्रयोग केले. १९६४ साली ते प्रसिद्ध झाले. लहानपणी ज्या नरांना विणायला हिरव्या पट्ट्या मिळू दिल्या नाहीत, ते वयात आल्यावर पट्ट्या मिळूनही धड विणू शकले नाहीत. विणण्याची ओढ उपजत असली तरी हात बसायला सराव लागतो, आणि सरावात पट्ट्या वाया जातात. आपल्याकडच्या झाडांवरही पहिल्या वर्षाच्या नरांचे ओबडधोबड गुंते दिसतात. वर्षभर कागद कापायला न देता दहावीला एकदम प्रात्यक्षिक घेणाऱ्या शाळांनी हा प्रयोग वाचावा.

दुसरे गाणे थोडक्यात. ‘नाच रे मोरा’ हे ग. दि. माडगूळकरांचे, ‘देवबाप्पा’ (१९५३) या चित्रपटातले. पु. ल. देशपांड्यांची चाल, आशा भोसल्यांचा आवाज. बालवाडीतल्या मुलांना हे गाणे ऐकताना स्वस्थ बसवत नाही, हीच त्याची समीक्षा. मुले मोठी झाली की विचारतात, मोर ढग पाहून नाचतो का? ढग आणि नाच एका वेळी येतात हे खरे, कारण मोराचा विणीचा हंगाम पावसाळ्याला धरून असतो. पण मोर नाचतो तो लांडोरीपुढे. तिला काय आवडते? मॅरियन पेट्री आणि सहकाऱ्यांनी १९९१ साली इंग्लंडमधल्या मोरांवरून दाखवले, की ज्याच्या पिसाऱ्यावर डोळे जास्त त्याला लांडोरी जास्त पसंत करतात. ताकाहाशी आणि सहकाऱ्यांनी जपानमध्ये सात वर्षे मोजून २००८ साली सांगितले, की त्यांच्या मोरांत असा संबंध आढळला नाही. दोन्ही अभ्यास मुलांपुढे ठेवावेत. ‘मग खरे कोणते, सर?’ असे ती विचारतात, आणि या प्रश्नाला पुस्तकात छापलेले उत्तर नाही हे कळल्यावर त्यांचे चेहरे पाहण्यासारखे होतात. गाणे मात्र बदलू नये. पाच वर्षांच्या मुलाला ढग पुरे आहेत.

‘ऋतुचक्र’ (१९५६) हे पुस्तक बारा महिन्यांचे, महिन्याला एक लेख. दुर्गाबाईंनी मोठी जंगले पालथी घालून ते लिहिलेले नाही, त्यातला बराचसा निसर्ग नेहमीच्या वाटेवरच्या झाडांचा आहे. म्हणूनच ते शिक्षकाच्या कामाचे. शाळेच्या आवारात पिंपळ असतो, रस्त्यावर बहावा असतो, आणि वर्षभर कोणी मान वर करत नाही. कधीकधी दुर्गाबाईंची भाषा फार नटते, एका फुलाला इतकी विशेषणे मिळतात की फूल दिसेनासे होते. असे मला दर वाचनात वाटते. पण पान उलटले की पुन्हा काहीतरी नेमके, स्वतः पाहिलेले समोर येते आणि तक्रार विसरायला होते. त्यांच्यामागोमाग जाऊन पिंपळाची कोवळी तांबूस पाने एकदा रोज पाहावीत. तांबडा रंग अँथोसायनिनचा. हरितद्रव्य मागून भरते आणि तांबडा झाकला जातो. कोवळ्या पानाला हा रंग का, याची दोन कारणे मांडली जातात: कडक उन्हापासून बचाव, आणि पाने खाणाऱ्या किड्यांना चकवणे. वेगवेगळ्या झाडांत उत्तर वेगवेगळे असू शकते.

या पुस्तकाची नक्कल करून मुलांकडून नोंदवही लिहून घ्यायची असेल, तर एक खबरदारी घ्यावी लागते. दुर्गाबाईंचे महिने चैत्र-वैशाखाचे, म्हणजे चांद्र. चांद्र वर्ष सुमारे ३५४ दिवसांचे, सौर वर्षापेक्षा अकरा दिवसांनी लहान. ही तूट अधिक महिना घालून भरून काढतात. त्यामुळे २०२३ साली गुढीपाडवा २२ मार्चला आला, २०२४ साली ९ एप्रिलला आणि २०२५ साली ३० मार्चला. झाडाला पंचांग कळत नाही, त्याला ऊन आणि ओल कळते. ‘यंदा बहावा चैत्रातच फुलला, गेल्या वर्षी वैशाखात’ असे मुलाने लिहिले तर बहावा सरकला की चैत्र सरकला, हे त्या नोंदीवरून सांगता येणार नाही. म्हणून महिन्याचे नाव मराठी ठेवावे, ते सुंदर आहे, पण शेजारी इंग्रजी तारीख हवीच. अशा वह्या दहा-पंधरा वर्षे एकाच शाळेत, त्याच झाडांसाठी राखल्या, तर हवामान बदलते आहे का या प्रश्नावर त्या शाळेला स्वतःचे काही सांगता येईल. दुर्गाबाईंना आकडे नको होते. आपल्याला हवे आहेत, एवढाच फरक.

शेवटी ‘सत्तांतर’ (१९८२). या कादंबरीत माणूस नायक नाही. वानरांच्या टोळीतल्या सत्तेच्या झगड्याची ती कहाणी आहे. तिला १९८३ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. नाव वाचून पुष्कळांनी तिच्यात दिल्लीचे राजकारण शोधले. तसे वाचता येते, पण मला ते वाचन फार स्वस्त वाटते. वानरांच्या आडून माणसांना टोमणे मारायचे असते तर इतका बारकावा लागला नसता. ती वानरांची गोष्ट म्हणून वाचावी, मग ती जास्त अस्वस्थ करते.

कारण वानरांविषयी आपले मत त्याआधीच्या वीसेक वर्षांत पालटले होते. फिलिस जे या अमेरिकन अभ्यासिकेने १९५८ ते १९६० या काळात उत्तर आणि मध्य भारतात वानरांचा अभ्यास केला, तेव्हा तिला शांत, सौम्य टोळ्या दिसल्या. त्यानंतर युकिमारू सुगियामा या जपानी शास्त्रज्ञाने धारवाडजवळ पाहिले ते वेगळेच. बाहेरच्या नरांनी टोळीच्या नायकाला हुसकावून लावले आणि नव्या नायकाने टोळीतली अंगावरची पिले मारली. त्यांनी हे १९६५ साली प्रसिद्ध केले. गर्दीने बिघडलेले, आजारी वर्तन म्हणून अनेकांनी ते बाजूला सारले. सारा हर्डी यांनी १९७१ पासून अबूच्या पहाडावर वर्षानुवर्षे वानरे पाहिली. त्याही गर्दीचाच विचार डोक्यात घेऊन गेल्या होत्या, पण तो टिकला नाही. १९७७ च्या पुस्तकात त्यांनी मांडले, की दूध पाजणारी मादी पुन्हा माजावर यायला वेळ लागतो. पिलू मेले तर ती लवकर येते, आणि नव्या नायकाकडे तर थोडीच वर्षे असतात. मारणाऱ्या नराची पिले जास्त जन्मतात, म्हणून ही खोड टिकून राहते. यावर पुढे मोठा वाद झाला. नंतर सिंहांत आणि इतर काही प्राण्यांतही असेच वर्तन नोंदले गेले.

ही उपपत्ती वर्गात सांगितली की एक प्रश्न हमखास येतो, आणि तो यायलाच हवा: म्हणजे हे बरोबर आहे का? विज्ञानाच्या शिक्षकाने इथे घाई करू नये. ‘असे का घडते’ आणि ‘असे घडावे का’ हे दोन प्रश्न आहेत. पहिल्याचे उत्तर हर्डींनी शोधले. दुसरा वानरांना लागू नाही, आणि माणसांना लागू आहे तो पहिल्यावरून सुटत नाही. माडगूळकरांनी दोन्ही प्रश्नांची उत्तरे देण्याचे टाळले आहे. ते नव्या नायकाला खलनायक करत नाहीत आणि हरलेल्याबद्दल गळाही काढत नाहीत. जे घडते ते सांगतात. शास्त्रज्ञाच्या लेखात मादीच्या ऋतुचक्राचा आलेख असतो, तिथे इथे पिलू पोटाशी धरून फांद्यांवरून पळणारी एक मादी असते. दोन्ही एकाच घटनेचे वर्णन आहे. आठवीच्या मुलांना मी हे पुस्तक देत नाही. अकरावीत देतो, आणि सोबत हर्डींच्या कल्पनेचे दोन पानी टिपण देतो. मुलांनी आधी कोणते वाचावे हे मात्र सांगत नाही. ज्यांनी कादंबरी आधी वाचली त्यांच्या वहीत वेगळे प्रश्न येतात, ज्यांनी टिपण आधी वाचले त्यांच्या वहीत वेगळे, आणि पुढच्या तासाला मी त्या वह्यांची आपसात अदलाबदल करतो.